तिसरी चढाई : एका अबोल रेडरचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रो कबड्डी लीगमध्ये खेळणाऱ्या एका तरुण रेडरचं, म्हणजे चढाई करणाऱ्या खेळाडूचं आहे. त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. संघाचं नाव, हंगाम आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. निर्णय कुठे आणि कसे झाले, माझं काय चुकलं, हे मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. क्रीडा मानसशास्त्राची सल्लागार म्हणून मी त्या संघाकडे हंगाम सुरू झाल्यावर, सहा सामने होऊन गेल्यावर गेले.

पार्श्वभूमी

मुलगा सांगलीकडचा. वडील साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. गाळप हंगामात घरी कमीच असायचे. थोरला भाऊ गावच्या मंडळाकडून मातीवर खेळायचा, त्याच्या मागोमाग यानंही बाराव्या वर्षी मैदान धरलं. पुढे जिल्हा, मग राज्य अजिंक्यपद, आणि तिथून फ्रँचायझीच्या निवड चाचणीचं बोलावणं. मी त्याला भेटले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. उंची बेताची, पाय विलक्षण हलके. धावता हात आणि परत वळताना मारलेली लाथ ही त्याची हत्यारं. बोलणं जेमतेम. शिबिरात पोरांनी त्याला 'मौनी' म्हणायला सुरुवात केली होती आणि ते नाव कोचच्या तोंडीही बसलं होतं.

पहिल्या हंगामात तो दुसरा रेडर होता. पुढे एक अनुभवी मुख्य रेडर. बचावफळीचं सगळं लक्ष त्या मोठ्या खेळाडूकडे, त्यामुळे याच्या चढाईला जागा मिळायची आणि गुणही मिळायचे. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच मुख्य रेडरचा गुडघा गेला, एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध फाटला, आणि एका रात्रीत हा पहिला रेडर झाला. समोरच्या सातही जणांनी आता याच्यासाठी तयारी करून यायचं, शेवटच्या पाच मिनिटांत चेंडूसारखा सामना याच्या हातात यायचा.

कबड्डी बघणाऱ्यांना माहीत आहे, तरी इथे सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण या एका नियमाभोवती फिरतं. लीगमध्ये एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' होते. तीस सेकंदांत गुण आणायचा, नाहीतर रेडर बाद. बोनसचा, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या गुणाचा आधार समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच. सामना संपत आला की दोन्हीकडचे संघ मुद्दाम चढाया रिकाम्या काढतात, घड्याळ पळवतात, आणि सगळं ओझं त्या तिसऱ्या चढाईवर येऊन पडतं. बचाव करणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. ते घाई करत नाहीत. रेडरनं चूक करावी म्हणून थांबून राहतात.

अडचण

सरावात हा मुलगा 'डू ऑर डाय'मध्ये आमच्याच कॉर्नरना, म्हणजे दोन्ही टोकांच्या बचावपटूंना रडवायचा. सामन्यात पहिल्या अर्ध्या तासात बरा खेळायचा. शेवटच्या टप्प्यातली तिसरी चढाई आली की दोनच गोष्टी व्हायच्या. एकतर निदान रेषा, म्हणजे प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा, ओलांडून तो नुसता आडवा धावत राहायचा आणि तीस सेकंद संपून बाद व्हायचा. नाहीतर पहिल्या पाच-सात सेकंदांतच, काही कारण नसताना, खोलवर उडी घ्यायचा आणि घोट्याला पकडला जायचा. सलग तीन सामने संघ थोडक्यात हरला आणि तिन्ही वेळा शेवटची महत्त्वाची चढाई याची होती.

समाजमाध्यमांवर त्याच्या पकडींचे तुकडे फिरायला लागले. खाली जे लिहिलं जात होतं ते तो रात्री खोलीत वाचत बसायचा, हे मला त्याच्या खोलीतल्या जोडीदाराकडून नंतर कळलं.

संघाचं निदान ठरलेलं होतं. कोच उत्तरेकडचे, स्वतः मोठे खेळाडू राहिलेले, मनानं उमदे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, रेडर में थोड़ा घमंड होना चाहिए. इसमें है ही नहीं." व्यवस्थापकांनी त्याला कागदाचा आधार दिला. हंगामापूर्वी एका बाहेरच्या सल्लागारानं सगळ्या खेळाडूंची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली होती. या मुलाच्या अहवालात लिहिलं होतं: बहिर्मुखता कमी, ठामपणा कमी, भावनिक अस्थिरता सरासरीपेक्षा जास्त. तळाशी लाल चौकटीत एक वाक्य होतं, "दबावाच्या भूमिकेसाठी अनुकूल नाही."

मला बोलावण्यामागचा खरा प्रश्न एका ओळीचा होता. याला बदलता येईल का, की दुसरा रेडर शोधायचा?

मी यायच्या आधी काय झालं होतं

कोचनी त्याला आक्रमक करायचा प्रयत्न करून पाहिला होता. प्रत्येक चढाईआधी मांडीवर थाप मारायची, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे, गुण मिळाला की ओरडायचं. मुलानं ते सगळं इमानदारीनं केलं. मी त्या सामन्यांचे व्हिडिओ पाहिले. थाप मारायची राहिली हे मध्यरेषेवर आठवून तो थबकतो, थाप मारतो आणि मग आत जातो. ज्या क्षणी डोळे बचावपटूंच्या पायांवर हवेत, त्या क्षणी त्याचं मन स्वतःच्या हातावर होतं. दुसऱ्याचा स्वभाव अंगावर चढवायला लावला की खेळाडूचं लक्ष किती खर्च होतं, याचं याहून स्पष्ट चित्र मी पाहिलेलं नाही.

कबड्डीत स्वभावाचा एकच साचा चालतो, हे मला तेव्हाही पटलं नाही. अनुप कुमारनं 2016 साली अहमदाबादला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचं नेतृत्व केलं. अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण पुढे होता, तरी भारत 38-29 असा जिंकला. यू मुंबाच्या काळात मुंबईकरांनी त्याला वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आहे: चेहऱ्यावर काहीच नाही, असलं तर हसू, आणि बोनस रेषेवर अचूक पाय. थाप मारून, गर्जना करून मैदान हादरवणारे महान रेडर झाले, तसे हेही झाले.

आधी ऐकणं

पहिले चार दिवस मी काहीच केलं नाही, फक्त त्याच्याशी मराठीत बोलले. हे लिहायला साधं वाटतं. पण त्या शिबिरात त्याच्याशी सलग मराठी बोलणारं मी धरून दुसरंच माणूस होते. पहिले सहाय्यक प्रशिक्षक, मुंबईचे जुने कव्हर, म्हणजे कॉर्नरच्या आतल्या बाजूचे बचावपटू. बैठका हिंदीत चालायच्या, तीही हरियाणवी वळणाची. त्याला समजायचं बहुतेक सगळं, पण बोलायला गेला की वाक्य अर्ध्यात अडकायचं आणि कोणीतरी हसायचं. म्हणून तो गप्प बसायला शिकला होता.

चौथ्या दिवशी त्यानं मला एक वही दाखवली. दोनशे पानी, शाळेची असते तशी. त्यात लीगमधल्या जवळपास प्रत्येक कॉर्नरची नोंद होती: कोण आधी डावा पाय टाकतो, कोण घोट्याला जातो आणि कोण मांडीला, कोणाचा कव्हर डॅश (धडक) मारायला किती पावलं पुढे येतो. सोबत काढलेली छोटी चित्रं. ही वही कोचनी पाहिली नव्हती, ॲनालिस्टनं पाहिली नव्हती. बैठकीत "कुछ बोलना है?" असं विचारल्यावर मान हलवणारा मुलगा संघातला सगळ्यात तयारीचा खेळाडू होता.

मग मी चाचणीचे प्रश्न घेऊन बसले. मूळ चाचणी टॅबलेटवर, इंग्रजीत, हिंदी समजावणीसह घेतली गेली होती. 'अनोळखी लोकांशी मी सहज बोलतो' याला त्यानं 'अजिबात नाही' म्हटलं होतं, कारण त्याच्या मनात अनोळखी लोक म्हणजे शिबिरातली ही मंडळी. गावच्या जत्रेत, मंडळाच्या गणपतीत कसा असतोस, असं विचारल्यावर तो मोकळा हसला. तो अबोल आहे हे खरं आहे. पण अहवालातला अर्धा अबोलपणा भाषेचा होता.

चाचणीचं काय करायचं

या प्रकरणातला पहिला निर्णय इथे आला. व्यवस्थापकांना माझ्याकडूनही एक अहवाल हवा होता, पुढच्या लिलावात त्याला ठेवायचं की सोडायचं हे ठरवायला.

व्यक्तिमत्त्व मोजून खेळाडू निवडण्याचा मोह जुना आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टटको यांनी खेळाडूंसाठी खास प्रश्नावली तयार केली आणि व्यावसायिक संघांनी ती उत्साहानं वापरली. त्यावर पुढे बरीच टीका झाली. 1980 पर्यंत विल्यम मॉर्गन यांनी या क्षेत्रातले दोन तट सरळ मांडून ठेवले होते: व्यक्तिमत्त्वावरून यश ओळखता येतं असं मानणारे भाबडे, आणि त्यातून काहीच हाती लागत नाही म्हणणारे संशयी. मॉर्गन स्वतः दोघांच्या मधे उभे होते. माझं मतही तिथेच आहे. कसोशी, भावनिक स्थैर्य असे गुण दीर्घ काळात खेळाडूच्या उपयोगी पडतात. रोजचा सराव, झोप, दुखापतीतून परत येणं, सगळ्यात ते दिसतात. पण एका माणसाच्या एका कागदावरून तो शेवटच्या मिनिटाला काय करेल हे सांगणं म्हणजे पंचांगावरून सामना सांगणं.

मी व्यवस्थापकांना सांगितलं की निवडीसाठी अहवाल देणार नाही. खेळाडू माझ्याशी जे बोलेल ते त्याचं आहे. काम कसं चाललंय, तो सत्रांना येतो का, मैदानावर काय बदल दिसतात, एवढंच मी सांगेन, आणि तेही त्याला विचारून. व्यवस्थापक नाराज झाले. माझं काम तिथेच संपेल असं वाटलं होतं. कोचनी मध्यस्थी केली. त्यांना कागदापेक्षा गुण हवे होते.

समोर असलेले पर्याय

एक म्हणजे त्याला पुन्हा दुसरा रेडर करणं आणि शेवटच्या चढाया कप्तानानं घेणं. कप्तान ऑलराउंडर होता, बत्तीस वर्षांचा, दमानं कमी पडायचा. संघाच्या दृष्टीनं हा पर्याय वाईट नव्हता, आणि दोन सामने आम्ही तो वापरलाही.

दुसरा, कोचचा मार्ग आणखी जोरानं चालवणं.

तिसरा पर्याय माझ्या पेशानं सुचवलेला: हा आजार तर नाही ना, हे आधी पाहायचं. झोप, भूक, सामना नसलेल्या दिवसांतला मूड, घरचा ताण, सगळं विचारलं. सामन्याच्या आदल्या रात्री झोप उशिरा लागायची, बाकी ठीक होतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं असं काही मला दिसलं नाही, पण संघाच्या डॉक्टरांशी बोलून ते दार उघडं ठेवलं. हे पाऊल गाळू नये असं मी प्रत्येक प्रकरणात सांगत असते.

चौथा, ज्या कौशल्यांची उणीव दिसते तीच शिकवायची आणि स्वभाव होता तसा राहू द्यायचा. आम्ही हा घेतला, पहिल्याच्या आधारासह.

काय केलं

आधी ॲनालिस्टसोबत बसून त्याच्या सगळ्या 'डू ऑर डाय' चढाया एकापाठोपाठ पाहिल्या. मुलगाही होता. मी त्याला एकच विचारत होते: या क्षणी तू कुठे बघत होतास? उत्तरं थक्क करणारी होती. स्कोअरबोर्डवरचं तीस सेकंदांचं घड्याळ. आपला बेंच. एकदा तर मोठ्या पडद्यावरचा स्वतःचाच चेहरा. आणि जेव्हा आत बघत होता तेव्हा स्वतःचा पुढचा पाय. "पाय कुठे टाकतोय ते बघत होतो."

दबावाखाली, वर्षानुवर्षं आपोआप होणारी हालचाल माणूस जाणीवपूर्वक चालवायला जातो आणि ती तुटते. रिच मास्टर्स यांनी 1992 साली गोल्फच्या पटिंगवर केलेला प्रयोग याच धर्तीचा होता: ज्यांना नियम सांगून शिकवलं होतं ते दबावाखाली घसरले, ज्यांनी नियमांशिवाय हात बसवला होता ते टिकले. आमच्या मुलानं मातीवर पाय कोणाकडून शिकून घेतले नव्हते. ते आपसूक आले होते. आता तो ते चढाईच्या मधोमध तपासत होता.

मी सुरुवात श्वासापासून केली आणि चुकले. नेमबाजाला, फलंदाजाला, टेनिसपटूला दीर्घ श्वास शिकवतात तसा मी शिकवला. दोन दिवस सराव झाला. तिसऱ्या दिवशी सराव सामन्यात तो आत गेला, कॉर्नर पुढे आला, यानं सवयीनं श्वास घेतला आणि दम तुटला म्हणून पंचांनी बाद दिलं. कबड्डीत रेडर आत असतो तोवर त्याचा श्वास त्याच्या मालकीचा नसतो, तो 'कबड्डी कबड्डी'त गुंतलेला असतो. मनातल्या मनात स्वतःशी बोलायलाही जागा उरत नाही, तोंड आणि कान दोन्ही त्या शब्दानं भरलेले असतात. इतर खेळांतली कौशल्यं उचलून इथे लावता येत नाहीत, हे मला एका हरलेल्या सराव गुणानं शिकवलं.

त्या रात्री सहाय्यक प्रशिक्षकांशी बोलताना ते म्हणाले, "त्याचा दम ऐका ना तुम्ही. घाबरला की पोरगा कोकलतो." दुसऱ्या दिवशी आम्ही मध्यरेषेजवळ फोन ठेवून त्याचा आवाज रेकॉर्ड केला. साध्या चढाईत त्याचा दम खालच्या पट्टीत, सावकाश, पावलांच्या ठेक्यात. 'डू ऑर डाय'ची स्थिती लावली की तोच दम वर चढायचा, वेगानं धावायचा, आणि पाय त्या वेगामागे ओढले जायचे. घाई डोक्यात नंतर यायची, ती आधी आवाजात ऐकू यायची.

इथून कामाला दिशा मिळाली. दमच त्याचं साधन करायचं ठरलं. खालच्या पट्टीत, दोन पावलांना एक 'कबड्डी'. नियमानुसार उच्चार स्पष्ट आणि अखंड हवाच, त्यामुळे फार सावकाशही चालणार नव्हतं; पंच टोकतील. योग्य लय सापडायला आठवडा गेला. ती सापडली तेव्हा त्यानं स्वतःच सांगितलं की लहानपणी भावासोबत हुतूतू खेळताना तो असाच दम घ्यायचा.

श्वासाला जागा मिळाली ती मध्यरेषेच्या अलीकडे. तिसरी चढाई जाहीर झाली की रेषेला हात लावून नमस्कार, एक पूर्ण श्वास बाहेर, आणि मनात एकच शब्द: 'पाय'. पाय म्हणजे समोरच्या कॉर्नरचे, स्वतःचे नव्हेत. शब्द त्याचाच. मी 'शांत', 'विश्वास' असे सुचवले होते, त्यानं नम्रपणे नाकारले. शांत व्हायला सांगणारा शब्द त्याला पुन्हा स्वतःकडे नेत होता. 'पाय' त्याला बाहेर, खेळाकडे नेत होता. मांडीवरची थाप बंद केली. कोचना ते आवडलं नाही, पण त्यांनी दोन आठवड्यांची मुदत दिली.

मग वही बाहेर काढली. हा सगळ्यात आनंदाचा भाग. पूर्वी तो चढाईआधीच ठरवून जायचा, 'आज लाथ', आणि बचाव ते वाचायचा. आता सहाय्यक प्रशिक्षकांबरोबर प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी दोन-तीन जर-तर वाक्यं तयार व्हायची. डावा कॉर्नर वजन पुढे आणेल तर वळताना लाथ. कव्हर बसला तर हात. दोघंही मागे राहिले तर राखीव क्षेत्राच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या बाजूनं धाव. अशी आधीच बांधलेली वाक्यं दबावात निर्णयाचं ओझं कमी करतात, आणि याच्या कसोशीच्या स्वभावाला ती अगदी मानवली. अहवालात ज्या गुणाची कोणी दखल घेतली नव्हती, त्यावरच हे सगळं उभं राहिलं. तिसऱ्या आठवड्यात बैठकीत कोचनी ती वही पडद्यावर दाखवायला लावली. तो मराठीत बोलला, सहाय्यकांनी हिंदीत सांगितलं. त्या दिवसानंतर 'मौनी' हे नाव कमी ऐकू यायला लागलं.

बेंचशीही करार झाला. 'डू ऑर डाय'ला आतापर्यंत पाच-सहा जण एकदम ओरडायचे. ठरलं की फक्त सहाय्यक प्रशिक्षक बोलतील, मराठीत, आणि फक्त वेळ सांगतील: "पंधरा", "दहा". मग घड्याळाकडे बघायचं कारणच उरलं नाही. कोचसारख्या माणसाला शेवटच्या मिनिटाला गप्प बसवणं सोपं नव्हतं. त्यांनी ते पाळलं, एकदा सोडून, आणि त्या एकदाची त्यांनी मुलाकडे जाऊन माफी मागितली. या प्रकरणात मला सर्वात मोठं वाटतं ते हे.

शेवटी दबावाचा सराव. गुणफलक बरोबरीत, दोन मिनिटं बाकी, स्पीकरवर प्रेक्षकांचा गोंगाट, समोर आमचे पहिले सात. यातही मी एक चूक केली. चढाई फसली तर अख्ख्या संघानं मैदानाला फेऱ्या मारायच्या असं ठेवलं. दबाव तयार झाला, पण दोन दिवसांत सहकारी त्याच्यावर चिडायला लागले आणि जेवणाच्या टेबलावर तो पुन्हा एकटा बसायला लागला. ती शिक्षा काढली. त्याजागी बचाव करणाऱ्यांना बक्षीस ठेवलं, त्याला पकडलं तर त्यांच्या नावावर गुण. गंमत टिकली आणि जोरही.

फोनचं त्यानंच ठरवलं: सामन्याच्या दिवशी आणि आदल्या रात्री फोन फिजिओकडे. घरच्यांनी फिजिओच्या नंबरवर बोलायचं.

निकाल

सरळ रेषेत काही झालं नाही. पहिल्या दोन सामन्यांत शेवटच्या चढाया कप्तानानं घेतल्या. तिसऱ्यात कप्तान बाद होता आणि याला जावं लागलं. पंचविसाव्या सेकंदाला त्यानं उजव्या कॉर्नरला वळताना लाथ लावली आणि परत आला. बेंचवर मी त्याचा दम ऐकायचा प्रयत्न करत होते, गोंगाटात काही ऐकू आलं नाही. नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकला. खालच्या पट्टीत होता.

उरलेल्या हंगामात त्याच्या तिसऱ्या चढाया पूर्वीपेक्षा बऱ्याच सुधारल्या. विनाकारण उडी जवळपास बंद झाली. वेळ संपून बाद होणंही कमी झालं. पकडला जायचा, पण लढून. मुख्य रेडर हंगामभर परतला नाही आणि संघ बाद फेरीच्या अलीकडेच थांबला. निर्णायक सामन्यात शेवटची चढाई याचीच होती, समोर तीनच बचावपटू. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकडलं की ती सुपर टॅकल, त्यांना दोन गुण. डाव्या कॉर्नरनं घोटा धरला आणि सामना तिथे संपला. ड्रेसिंग रूमच्या बाहेर त्यानं मला गाठलं. "ताई, त्याचा पाय बरोबर बघितला होता. तो माझ्याहून जलद निघाला." डोळ्यांत पाणी होतं. त्यानं मला पहिल्यांदा 'मॅडम' सोडून 'ताई' म्हटलं होतं.

यातलं किती श्रेय मानसिक कौशल्यांचं, किती नुसत्या अनुभवाचं, हे एका खेळाडूवरून वेगळं काढता येत नाही. दहा-बारा सामने पहिला रेडर म्हणून खेळल्यावर तो असाही सुधारला असता, असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. वही आणि बेंचवरची शांतता नसती तर त्याला ते दहा-बारा सामने मिळालेच नसते, एवढं मी खात्रीनं म्हणेन.

वेगळं काय करता आलं असतं

माझं काम हंगामाच्या मध्यावर सुरू झालं, ही सगळ्यात मोठी अडचण. नवी लय बसवायला सामन्यांचा काळ योग्य नाही. हे सगळं पूर्वतयारीच्या शिबिरात व्हायला हवं. श्वासाची चूक मी खेळाडूंना आधी विचारलं असतं तर झाली नसती. मैदानावर आयुष्य काढलेल्या सहाय्यक प्रशिक्षकांकडे मी उशिरा गेले, पहिल्या दिवशी जायला हवं होतं.

सामूहिक शिक्षेचा निर्णय मी एकटीनं घेतला. असा निर्णय खेळाडूंना सोबत घेऊनच करायचा, हे आता मी पाळते.

भाषेबद्दल मी व्यवस्थापनाकडे जोरानं बोलले नाही, याची मला अजून खंत आहे. लीगमधले संघ देशभरातून मुलं गोळा करतात. फिजिओ असतो, आहारतज्ज्ञ असतो, व्हिडिओ कापणारा असतो. मुलाची भाषा बोलणारं माणूस शिबिरात आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. त्या अहवालातली लाल चौकट त्यातूनच आली होती. ती खोडून टाका असं लेखी मागायला हवं होतं, मी फक्त तोंडी म्हटलं.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शेवटच्या सामन्यात समोर तीनच बचावपटू असताना त्याला आत पाठवणं बरोबर होतं का? कप्तान मॅटवर होता. कोचनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. तो निर्णय कोचचा होता, माझा नव्हे, आणि मी मान डोलवायला नको होती. सल्लागार बेंचवर बसला की नकळत प्रशिक्षक होतो. आता सामन्याच्या वेळी मी बेंचवर बसत नाही, मागे प्रेक्षकांत बसते.

लिलावाआधी संघानं त्याला सोडलं. दुसऱ्या एका संघानं घेतलं. काही दिवसांनी त्या संघाच्या ॲनालिस्टचा मला फोन आला. त्याचा व्यक्तिमत्त्व अहवाल मिळेल का, म्हणून विचारत होता. मी सांगितलं की असा अहवाल मी केलेला नाही, आणि विचारलं, तुमच्या शिबिरात मराठी कोण बोलतं? तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, आमचा स्वयंपाकी नगरचा आहे. मी म्हटलं, मग त्याची गाठ आधी त्यांच्याशी घालून द्या, आणि त्याच्याकडे एक वही असेल, ती मागून घ्या.